लगेहाथ काका

आमच्या खालच्या मजल्यावरच्या काकांना सगळी बिल्डिंग 'लगेहाथ काका' म्हणायची. कुणाचा नळ गळतोय एवढं कानावर पडलं की ते पाना घेऊन दारात हजर. "लगे हाथ करून टाकू. उद्यासाठी काय ठेवायचं?" मागून काकू ओरडायच्या, "अहो, पोहे तर संपवा." पोहे गार व्हायचे.

एम.ए.च्या प्रोजेक्टसाठी मला लोकांची टाळाटाळ मोजायची होती. पंचवीस वाक्यं, प्रत्येकापुढे एक ते पाच आकडे. आकडा जितका मोठा, तितकी टाळाटाळ जास्त. अनोळखी लोकांकडे जायची हिंमत नव्हती, म्हणून पहिला फॉर्म काकांना दिला. त्यांनी उभ्याउभ्याच भरला. सगळीकडे एक. फोन करणं पुढे ढकलण्याच्या वाक्यावर मात्र ते थांबले. "बेटा, हे तर तू स्वतःवरच लिहिलंय." अनोळखी माणसाला फोन करण्याआधी मी वाक्यं पाठ करते, हे त्यांना माहीत होतं.

उन्हाळ्यात जिना चढताना त्यांना दम लागायला लागला. डॉक्टरांनी हृदयाची तपासणी लिहून दिली. मोठ्या हॉस्पिटलात तिची वेळ फोनवरच मिळायची, आणि काकांना फोनवर ऐकू यायचं नाही. "माझे कान तेवढे कामचोर निघाले. तू इंग्लिश मीडियमची, तुझं पटकन ऐकतील," म्हणत त्यांनी नंबराची चिठ्ठी माझ्या हातात दिली.

पहिल्या दिवशी मी वाक्यं पाठ केली. दुसऱ्या दिवशी नंबर लावला आणि घंटी वाजायच्या आत कापला. संध्याकाळी काका जिन्यात भेटले.

"लागला का?"

"बिझी येतोय, काका."

"कोई बात नहीं. मोठी जागा आहे, गर्दी तर असणारच."

तिसऱ्या आणि चौथ्या दिवशीही मी तेच सांगितलं. दुसऱ्यांच्या कामाला धावणारा माणूस स्वतःच्या कामासाठी माझ्या भरवशावर थांबून राहिला. पाचव्या दिवशी सकाळी, चपला घालताना ते कोसळले. दवाखान्यात नेईपर्यंत गेलेच होते.

तेराव्याला काकू येणाऱ्या प्रत्येकाला सांगत होत्या, "या पोरीने चार दिवस फोन लावला हो. लाइनच मिळाली नाही." त्यांचा हात माझ्या पाठीवर होता.

अजून जिना उतरताना माझी पावलं वळणाशी अडखळतात. कोणीतरी काही विचारेल असं वाटतं.

काकूंना खरं सांगायचं ठरवून मी दर रविवारी खाली जाते. असे एकतीस रविवार झाले. काकू चहा टाकतात, माझ्यासमोर बसतात.

"काही सांगायचं होतं का तुला?"

"नाही, काकू. सहज आले होते."

कप विसळून ठेवते आणि वर येते.