पाद्रीबाबांनी फाटक उघडलं तेव्हा

आर्वीकर मंडळी, आज सकाळी आपल्या ग्रुपवर कोणीतरी टाकलं, "चर्चले कुलूप लावा." वाचून मला एक जुनी दुपार आठवली.

ऐंशीच्या दशकात त्याच चर्चच्या खोलीत आम्ही मुली शिवणकाम शिकायचो. आमच्यात ख्रिस्ती कोणीच नव्हतं. एका दुपारी फाटकाशी जमाव आला. "पोरी बाटवून राह्यले!" अशी ओरड झाली आणि पत्र्यावर दगड पडला. शेजारची सुमन रडायलाच लागली.

पाद्रीबाबा आत आले. म्हणाले, "पोरीहो, मले बी भेव लागून राह्यलं. पण तुमाले घरी पोचवतो."

त्यांनी फाटक उघडलं आणि आम्हाला घेऊन चालू लागले. जमाव शिव्या देत मागे. पहिलं घर माझं होतं. वाटलं, आता पाद्रीबाबांवर हात पडतो.

आई दारात आली. गर्दी पाहून ती घाबरली, तरी मोठ्यानं म्हणाली, "बाबा, आत येऊन बसा. चहा मांडते."

चहा होईस्तोवर लोक पांगले. शिवणवर्ग मात्र पुन्हा कधी भरला नाही.

खरं सांगा, आज असा माणूस दाराशी आला, तर तुम्ही त्याला "बसा" म्हणाल? मला माझीच खात्री वाटत नाही.