सरांचा कुत्रा मोकळा फिरायचा

दुसऱ्याच्या घराचा, गाडीचा मला कधी फारसा हेवा वाटला नाही. वाटला तो शेजारच्या सरांच्या कुत्र्याचा. पन्नाशी उलटलेल्या माणसाने हे लिहावं म्हणजे जरा अतीच, पण खरं आहे.

लालबागजवळच्या आमच्या बागेत सर रोज सकाळी यायचे. हात मागे बांधलेले, पट्टा टॉवेलसारखा खांद्यावर आणि कुत्रा मोकळा, त्यांच्या पायाला लागून. चुटकी वाजवली की बसायचा, पुन्हा वाजवली की उठायचा. बाकावरची मंडळी म्हणायची, "सर, क्या बच्चा पाला है!" मागोमाग मी, म्हणजे आधी माझा कुत्रा आणि त्याच्यामागे ओढला जाणारा मी. मंडळी म्हणायची, "आज कोण कोणाला फिरवतंय?" हा विनोद रोज व्हायचा आणि रोज नव्याने हशा पिकायचा.

त्याच दिवसांत वहिनी बागेत यायला लागली होती. शुगर निघाली, पायाला मुंग्या यायच्या, डॉक्टरांनी चालायला सांगितलं. पण तिला कुत्र्यांची भयंकर भीती. लहानपणी गावी, निंबोल्याला, कुत्रं चावलं होतं आणि पोटात चौदा इंजेक्शनं घ्यावी लागली होती. महिनाभर ती नाहीच म्हणत होती. शेवटी मीच छाती पुढे काढून म्हणालो, "वहिनी, मी आहे ना तिथे!" त्या भरवशावर तिने पांढरे बूट घेतले.

आणि मी काय केलं? एक दिवस बाकावरून सरांचं कौतुक जरा जास्तच झालं. मला वाटलं, त्यात काय मोठंसं? काढला पट्टा. माझा कुत्रा क्षणभर तसाच उभा राहिला, त्याचाही विश्वास बसेना. मी सरांसारखी चुटकी वाजवली. त्याने तिचा अर्थ 'पळ' असा घेतला.

वळणावरून वहिनी येत होती. तो तिच्याकडे झेपावला, अगदी प्रेमाने. पण ते प्रेम आहे हे तिला कोण सांगणार? मी लांबून ओरडलो, "काही करत नाही तो, काही करत नाही!" तोवर ती साडी सावरत सिमेंटच्या बाकावर चढली होती. झाडाची फांदी धरून, डोळे गच्च मिटून. मी धापा टाकत पोचलो तेव्हा सरांनी माझ्या कुत्र्याची मान धरून ठेवलेली होती. कोणीतरी विचारलं, "किसका है ये?" आणि मी मेल्याने सरांकडे बघितलं. एक क्षणच. पण बघितलं.

वहिनी बाकावरून उतरली ती तडक घरी गेली. दुसऱ्या दिवशी आली नाही, तिसऱ्या दिवशीही नाही. भावाचा फोन आला, "बूट खोक्यात घालून माळ्यावर टाकलेत. आता तूच काय ते बघ."

माफीची वाक्यं जुळवायला मला आणखी एक दिवस लागला. रिकाम्या हाताने कसं जायचं, म्हणून वाटेत गरम मावा जलेबी घेतली. भावाच्या घरात शिरलो तर समोर सर बसलेले. कुत्रा नाही, नुसता पट्टा मांडीवर.

"ताई, उद्यापासून माझाही बांधलेला असेल," सर सांगत होते. "तो शहाणा आहे हे मला माहीत. तुम्ही का म्हणून विश्वास ठेवायचा?"

बघा! हे माझं वाक्य असायला हवं होतं. कुत्रा चांगला असला तर असो, पण माणसानेही इतकं चांगलं असावं का?

वहिनी माझ्याकडे वळली. "बघा भाऊजी, ज्यांच्या कुत्र्याने काही केलं नाही ते येऊन बसलेत. आणि तुम्ही चौथ्या दिवशी! पुड्यात काय आहे?"

"जलेबी."

"शुगरवालीला?"

भावाने पुडा उचलला आणि आत गेला.

जुळवलेलं एकही वाक्य आठवेना. म्हणालो, "वहिनी, चूक माझी. मीच सोडला. सरांसारखं दिसायचं होतं मला."

"सरांना कुत्र्याला शिकवायला दोन वर्षं लागली म्हणे. तुम्हाला एका चुटकीत पाहिजे?" ती म्हणाली. "उद्या फाटकापर्यंत येईन. दोघांचे पट्टे हातात दिसले तरच आत."

दुसऱ्या दिवशी फाटकात उभं राहून तिने आधी सरांच्या हाताकडे बघितलं, मग माझ्या. माझ्याकडे जरा जास्त वेळ. मग आत आली. बाकावरची मंडळी म्हणाली, "सर, मोठं मन लागतं हो!" मीही बांधूनच आणला होता, पट्ट्याचे तीन वेढे हाताला घेऊन. मला कोणी काही म्हणालं नाही.

तिसऱ्या फेरीला वहिनी माझ्यापासून चार हात लांबून गेली. न थांबता म्हणाली, "भाऊजी, बोटं काळीनिळी पडलीत. एक वेढा काढा. पण एकच हं."