मीच भरून दिलेली तिखटाची डबी

मैत्रिणींनो, आज माझ्या पोटात दुखतंय, आणि हे दुखणं औषधाने थांबणारं नाही.

माझी धाकटी जाऊ दिरासोबत कोकणात गेलीय. तीन दिवस तिच्या स्टेटसला नुसता समुद्र. माडांना बांधलेला झोपाळा, देवळातला दशावतार, केळीच्या पानावर मासे. इकडे मी नंदुरबारला गच्चीवर वर्षाची मिरची उलटतेय आणि शिंकतेय.

गावाला निघालं की आमच्याकडे तिखटाची डबी सोबत लागतेच, बाहेरचं जेवण फिकं लागतं. ती डबी मीच भरून दिली. कबूल करते, घरचं नेहमीचं तिखट बाजूला ठेवून मुद्दाम सगळ्यात जहाल मिरचीचं भरलं. म्हटलं, येऊ दे जरा नाकाडोळ्यांतून पाणी.

आज दुपारी तिचा व्हिडिओ कॉल आला. मागे लाटा. "ताई, तुन्हं तिखट लई भारी शे!" ती ज्यांच्याकडे भाड्याने उतरलीय, त्या काकूंनी ते माशाच्या कालवणात घातलं होतं. काकूच फोनवर आल्या. "काय झणझणीत तिखट केलंत हो! ह्या दोघांना म्हटलं, आणखी दोन दिवस राहा, आता घरचे पाहुणे म्हणून."

मागून जाऊ कौतुकाने म्हणाली, "ताईनी खास मन्हासाठी बांधी दिनं!"

मी हसले. फोन ठेवून परत मिरची उलटायला बसले. डोळ्यांत पाणी आलं, ते मिरचीचं आहे असं घरी सांगितलंय.

तुम्हीच सांगा, तिखट माझं, डाव माझा, मग समुद्र तिलाच का?