बोटीवरचा तांब्या

लातुरात कुणाची नवी ओळख झाली आणि मध्येच एखाद्याने सांगितलं की ही लहानपणी शिडाच्या बोटीवर राहायची, की समोरच्याचे डोळे मोठे होतात. "समुद्रात? बेटांवर? खरंच?" मी हो म्हणते. मग तो म्हणतो, "नशीबवान आहात हो!" लोकांना निळं पाणी, नारळाची झाडं आणि डॉल्फिन एवढंच ऐकायचं असतं. डॉल्फिन होते. सुंदर होते. माझ्या आईला त्यांचं काडीचं कौतुक नव्हतं.

माझे वडील मुखेडजवळच्या एका खेड्यातले. बौद्ध वस्तीतून पासपोर्ट काढणारा पहिला पोरगा. मालवाहू जहाजावर इंजिनाच्या खोलीत नोकरीला लागले आणि वर्षाचा बराच काळ पाण्यावरच असायचे. आई आणि मी लातुरात भाड्याच्या दोन खोल्यांत राहायचो. गावाबाहेर पप्पांनी एक प्लॉट घेतला होता आणि आईने त्यावर कडुलिंबाचं रोप लावलं होतं. रविवारी ती ऑटोत पाण्याचा कॅन घेऊन जायची, रोपाला घालायची आणि काठीने मातीत घर आखायची. सुरुवात कायम दारापासून. "हे दार. दाराच्या आत हितं माठ. आलेल्याला आधी पाणी, मग बोलणं." स्वयंपाकघर, खोल्या वगैरे नंतर, जागा उरली तर.

याला कारण होतं. आई उदगीरकडच्या एका खेड्यातली. तिच्या लहानपणी तिची आई घागर घेऊन विहिरीपासून लांब उभी राहायची, कुणी तरी आपली भरून झाल्यावर तिच्या घागरीत ओतेपर्यंत. दुसऱ्याच्या शेतात कामाला गेली की पाणी वरून ओंजळीत पडायचं. निम्मं कोपरावरून ओघळून जायचं. हे आईने पाहिलेलं, आणि तेव्हाच ठरवलेलं की आपलं दार झालं की तिथे कुणी कोरड्या तोंडाने उभं राहायचं नाही. तिच्या आईने लग्नात दिलेला पितळी तांब्या ती रोज चिंचेने घासायची.

तो तांब्या आमच्या शेजारणीने कधी तोंडाला लावला नाही. बाई भली होती. कढीपत्ता न्यायची, तासभर बसायची, सुनेच्या कागाळ्या सांगायची. पाणी पुढे केलं की म्हणायची, "आत्ताच पिऊन आले बघा." रोज. घरातून निघताना एवढं पाणी पिणारी बाई मी जगात दुसरी पाहिली नाही. आई तरीही रोज तांब्या पुढे ठेवायची.

मी सातवीत असताना पप्पा सुट्टीवर आले आणि जेवताना म्हणाले की नोकरी सोडली. मलेशियात एका गोऱ्या म्हाताऱ्याची जुनी शिडाची बोट घेतली आहे, आता आपण तिघं बेटं फिरायची. आईने विचारलं, पैसे कुठले? प्लॉट विकला होता. विचारलं नव्हतं, सांगत होते.

"अन् झाड?" आई म्हणाली.

"कसलं झाड?"

आईने पुढची भाकरी तव्यावर टाकली. त्या दिवशी तिने भांडायला हवं होतं असं मला अजून वाटतं.

बोट बाहेरून देखणी होती. आत म्हणजे आमचं लातूरचं न्हाणीघर लांबवून त्यात झोपायच्या फळ्या ठोकल्यासारखी. सगळं ओलं. कपड्यांवर बुरशी, पुस्तकांवर बुरशी, मिठाने अंगाला खाज. नेलेलं ज्वारीचं पीठ थोड्याच दिवसांत कडू झालं. भाकरी थापायला बसावं तर बोट कलायची आणि भाकरी परातीच्या एका बाजूला जाऊन बसायची. आईला सतत मळमळायचं. ती रडली नाही, पण तिचं बोलणं कमी झालं. पप्पा मात्र पोराटोरासारखे खूश होते. उघड्या अंगाने शिडाचे दोर ओढायचे, मोबाइलवर स्वतःचे व्हिडिओ काढून मुखेडला पाठवायचे. "मराठवाड्याचा पोरगा समुद्रावर!" तिकडून नातेवाइकांचे अंगठे यायचे.

त्यांचं सगळंच खोटं होतं असं मी म्हणणार नाही. एकदा नांगर टाकून बसलो असताना ते आईला म्हणाले, "हितं कुणी आडनाव इचारत न्हाई. बघितलीस का? एवढ्या बोटी, एवढे लोक. एकानं बी इचारलं न्हाई की तुमी कोण."

आई म्हणाली, "तिथं इचारतात म्हणूनच तिथं दार पायजे मला."

पप्पांना ते कळलं नाही. किंवा कळलं आणि परवडलं नाही.

बोटीवर सगळ्यात महाग वस्तू होती गोडं पाणी. भोवती नजर पोचेल तिथवर पाणी, आणि पिण्याचं तेवढं फळ्यांखालच्या टाकीत. ते बेटावरच्या नळावरून कॅनमध्ये भरून रबरी होडीने आणायचं. भांडी समुद्राच्या पाण्यात घासायची आणि शेवटी पेलाभर गोड्या पाण्यात सगळी विसळायची. केस धुवायचे तर पप्पांना विचारून. लातुरात नळाची वाट बघून वाढलेल्या आम्हा दोघींना यात नवं काही नव्हतं. ज्या गावात नळ येत नाही तिथून निघून आम्ही ज्या गावाला नळच नाही तिथे आलो होतो, एवढंच.

एकदा शेजारी नांगरलेल्या बोटीवरचं गोरं म्हातारं जोडपं आमच्याकडे आलं. ऊन मी म्हणत होतं. आईने सवयीने तांब्या आणि पेले आणले. म्हातारीने घटाघटा पिऊन पेला पुन्हा पुढे केला. आईला इंग्रजी येत नव्हतं, पण पेला पुढे करणं सगळ्यांनाच समजतं. दुसऱ्या दिवशीही तिच्या तोंडी तेच. "दोनदा घेतलं गं तिनं. माझ्या हातचं, दोनदा." लिंबाच्या सालीने तांब्या घासताना ती हसत होती. बोटीवर मी तिला तशी पहिल्यांदाच बघत होते.

पप्पांनी त्याच दिवशी नियम काढला. टाकीतलं पाणी फक्त आपल्या तिघांना. कुणी आलं तर आपली बाटली घेऊन येतं, बोटींवर तीच रीत असते. आई म्हणाली, "दारात आलेल्याला पाणी न्हाई?" पप्पा म्हणाले, "ही बोट हाय. हितं दार कुठं हाय?" दार खरंच नव्हतं. वर एक झाकण होतं आणि खाली उतरायची शिडी. त्यानंतर कुणी आलं की आई आपल्या वाट्यातलं पाणी द्यायची आणि दिवसभर स्वतः ओठ चाटत बसायची. पप्पांना ते दिसत होतं, पण त्यांनी तिला एकदाही अडवलं नाही, कारण टाकीचा हिशोब बरोबर लागत होता.

मग कोरडे महिने आले. पाऊस नाही, वारा नाही. पावसाचं पाणी धरायला पप्पांनी बांधलेलं ताडपत्रीचं छत वाळून कडकडीत झालेलं. जवळच्या बेटावरचा नळ आटला होता. एक दिवस दुपारी लाकडी होडीतून एक कोळीण मासे विकायला आली. उन्हाने रापलेली, डोक्याला फडकं बांधलेली. मुखेडच्या बाजारात भाजी घेऊन बसली असती तर वेगळी दिसली नसती. पप्पांनी भाव केला, मासे घेतले. मग तिने गळ्याला हात लावून आईकडे बघितलं.

आई आत गेली आणि तांब्या भरून घेऊन आली. तिने हात लांब केला, बाईनेही केला. मधेच पप्पांनी तांब्या काढून घेतला. "टाकी तळाला गेलीय," म्हणाले, आणि खाली बसून ते पाणी कॅनमध्ये परत ओतलं. अगदी सावकाश, एक थेंब सांडू न देता. बाईने आईकडे बघितलं, मग दुसरीकडे बघितलं आणि होडीचं इंजिन चालू केलं.

आईचा हात तसाच पुढे होता. ती म्हणाली, "आमच्या गावात वरून का हुईना, पर वतायचे तरी."

"उगं कुठलं कुठं नेऊ नको," पप्पा म्हणाले.

ते मासे आईने शिजवले, आम्हाला वाढले आणि स्वतः जेवली नाही. मला त्या माणसाची तेव्हा जी चीड आली ती अजून गेलेली नाही. ज्याच्या स्वतःच्या आईनेही मुखेडकडे आयुष्यभर ओंजळीतूनच पाणी प्यायलं, त्याला तांब्या हिसकावताना काहीच आठवू नये?

थोड्याच दिवसांत आम्ही एका बंदराला लागलो आणि उदगीरच्या मावशीचा फोन आला. तिकडे दुष्काळ पडला होता. "जिल्हा व्हायलाय म्हणे आपलं उदगीर," मावशी ओरडून सांगत होती, "चौकात बोर्डच बोर्ड लावलेत. नळाला थेंब न्हाई, बोर्ड मातर लई मोठाले. लातुराला तर रेल्वेनं पाणी आणायलेत, बघ. तुमी बरे तिकडं, पाण्यात."

आईने फोन ठेवला आणि म्हणाली, "मी लातूरला चालले. पोरीला घेऊन."

पप्पा हसले. खरंच हसले. "लोक लातूर सोडून पळायलेत, अन् तू पाण्यातून उठून दुष्काळात चाललीस?"

"हाव."

जगाला सांगायला माझी शाळा होती. पप्पा म्हणाले, वारं फिरलं की मी पण येतो. वारं फिरलं. पुन्हा फिरलं. त्यांचे व्हिडिओ येत राहिले.

लातुरात आईने एक खोली घेतली आणि क्लासच्या पोरांना डबे द्यायला सुरुवात केली. नांदेडची, उदगीरची, देगलूरची पोरं. गल्लीत रिकाम्या घागरींची रांग, टँकर आला की आरडाओरडा, कुणाचं तरी डोकं फुटलेलं. बोटीवरची विद्या इथे कामाला आली. पेलाभर पाण्यात घरभराची भांडी विसळताना मी शेजाऱ्यांना थक्क करायची, आणि पप्पांनीच हे शिकवलं याचा मला राग यायचा. दाराशी माठ मात्र कायम भरलेला. डबे न्यायला आलेली पोरं "काकू, पाणी" म्हणायची आणि तांब्या रिकामा करून जायची. समोरच्या बायकाही मागून प्यायच्या. दुष्काळाने "आत्ताच पिऊन आले" हे वाक्य आमच्या गल्लीतून हद्दपार केलं होतं. पुढे चांगला पाऊस झाला तेव्हा ते परत आलं, पण त्या उन्हाळ्यात आईने मनसोक्त पाणी पाजून घेतलं.

त्याच उन्हाळ्यात एका दुपारी पप्पा आले. नांदेडहून एसटीने. काळे ठिक्कर पडलेले, केस मिठाने तांबूस झालेले, खांद्यावर बोटीवरची रबरी बॅग. आधी कळवलं नव्हतं. मी दार उघडलं. ते आत आले आणि खुर्चीवर बसले. बोट कुठल्याशा खाडीत बांधून ठेवली होती, ते काही तरी सांगत होते, मी ऐकत नव्हते. मी आईकडे बघत होते.

घरचं किंवा रोजचं माणूस बाहेरून आलं की आमच्यात तांब्याच पुढे करतात. आईने फळीवरचा ट्रे काढला, परक्या पाहुण्यांसाठी राखून ठेवलेला. काचेचा ग्लास पदराने पुसला, माठातून काठोकाठ भरला आणि ट्रेमध्ये ठेवून त्यांच्यापुढे धरला. पप्पांनी ट्रे बघितला.

"एवढं कशाला भरलंस?" ते म्हणाले. "टंचाई हाय ना हितं."

"दारात आलेल्याला मोजून देत नसतेत."

त्यांनी ग्लास उचलला आणि सगळं पाणी प्यायले. हळूहळू, मध्ये थांबून. तहान लागली होती हे दिसतच होतं. रिकामा ग्लास त्यांनी दोन्ही हातांनी ट्रेमध्ये ठेवला. मला दया आली, आणि आली म्हणून स्वतःचाच राग आला.

"बॅग कुठं ठेवू?" त्यांनी विचारलं.

"राहू द्या की तिथंच दाराजवळ," आई म्हणाली. आवाज अगदी गोड होता, समोरच्या बायकांशी बोलताना असायचा तसा. "आता आलाच हाव, तर जेवूनच जावा."

पप्पा जेवले. तिने त्यांना आग्रह करकरून वाढलं, दोन भाकरी, पिठलं, वरून तेल-चटणी. ताटातच थोड्याशा पाण्यात त्यांनी हात धुतला, सवयीप्रमाणे. मग बॅग उचलली, माझ्या डोक्यावरून हात फिरवला आणि मुखेडची गाडी धरायला निघाले. जिन्यावर एकदा थांबले. आईने हाक मारली नाही.

तिने ट्रे धुतला, फळीवर जागच्या जागी ठेवला. तांब्या भरून घेतला, उभ्यानेच प्यायली आणि मला म्हणाली, "दार लाव गं."