पाच मुलींचं गणकयंत्र

रिठदच्या शाळेत माझ्याकडे तिसरीचा वर्ग होता, त्या काळात माझा मुलगा अकोल्याला सासूबाईंजवळ वाढत होता. नवरा तिथल्या तेलगिरणीत कारकून. वाशीम तेव्हा अकोला जिल्ह्यातच होतं, त्यामुळे बदली अवघड नाही असं सगळे म्हणायचे. अर्ज मी दर उन्हाळ्यात करत होते. शनिवारची सकाळची शाळा सुटली की रिठदहून वाशीम, वाशीमहून अकोला असं बसनं जायचं, रविवारी दुपारी परत निघायचं. पोरगा मला पाहून सासूबाईंच्या पदराआड जायचा. त्यांना तो आई म्हणायचा. मला काहीच म्हणत नसे.

गावात माझी खोली एका जैन व्यापाऱ्याच्या दुकानामागे होती. घरची माणसं चांगली, पण खोलीला एकच खिडकी, तीही गोदामाच्या भिंतीकडे उघडणारी. दुपारची बस गेली की गावाबाहेर पडायचा रस्ता दुसऱ्या सकाळपर्यंत बंद. ती बस गेल्याचा आवाज शाळेतही ऐकू यायचा.

एका उन्हाळ्यात अकोल्याला शिक्षकांचं शिबिर होतं. मुलाजवळ राहायला मिळेल म्हणून मी नाव दिलं. तिथे एका तरुण प्राध्यापकानं गणकयंत्राबद्दल सांगितलं. त्यानं ते खरोखर पाहिलं होतं. खोलीभर मोठं असतं म्हणाला. ते आकडे कसे मोजतं हे समजावायला त्यानं आम्हा शिक्षकांनाच उभं केलं आणि एक खेळ शिकवला. मला तो इतका आवडला की जूनमध्ये शाळा उघडल्यावर मी तो तिसरीत करून पाहिला.

खेळ सोपा होता. पाच मुलींना ओळीनं बसवायचं. प्रत्येकीच्या हातात पाटी. उजव्या टोकाच्या पाटीवर एक, मग दोन, चार, आठ, आणि शेवटी सोळा. मी टाळी वाजवली की एकवालीनं बसली असेल तर उठायचं, उभी असेल तर बसायचं. बाकीच्यांनी टाळीकडे लक्षच द्यायचं नाही. आपल्याहून लहान आकडा धरलेल्या शेजारणीकडे पाहायचं. ती उभी होती आणि खाली बसली, की आपण बदलायचं. तेवढंच. मग मधेच कुठेही थांबून उभ्या मुलींच्या पाट्यांवरचे आकडे मिळवले, की जितक्या टाळ्या झाल्या तितकीच बेरीज येते.

पहिल्या दिवशी सहा टाळ्यांनंतर चारवाली आणि दोनवाली उभ्या राहिल्या आणि वर्गानं ओरडून सहा म्हटलं. मग तेरा करून पाहिले. आठ, चार आणि एक. पोरं उड्या मारायला लागली.

"बाई, मी तं मोजलंच नाही," एकवाली मुलगी म्हणाली. ती वर्गात सगळ्यांत तरतरीत, म्हणून मी तिला त्या जागी बसवलं होतं. "मंग मोजलं कोनं?"

"कोणीच नाही. तुम्ही सगळ्यांनी मिळून मोजलं. गणकयंत्र असंच असतं."

"त्याले समजते का मंग, किती झाले ते?"

"ते मलाही शोधावं लागेल," मी म्हटलं. ती पाट्या पुन्हा ओळीनं मांडून पाहत बसली. माझ्या सगळ्या नोकरीतला तो एक चांगला दिवस होता.

हेडमास्तर दारात उभे राहून पाहत होते. ते त्याच भागातले, वयानं मोठे, मनानं वाईट नव्हते. शाळेच्या दोन खोल्या गळत होत्या आणि नव्या पत्र्यांसाठी ते पंचायत समितीचे उंबरे झिजवत होते. आठवड्याभरात शिक्षण विस्तार अधिकारी आले, तेव्हा हेडमास्तरांनी मला सांगितलं, "बाई, ते कांपुटर दाखवा सायबाले."

साहेब खूश झाले. पुढच्या वेळी ते दुसऱ्या साहेबांना घेऊन आले. मग पंधरा ऑगस्ट झाला, शेजारच्या शाळांचे शिक्षक आले, गटविकास अधिकारी आले. आमची शाळा 'कांपुटरची शाळा' झाली. गाडीचा धुरळा दिसला की हेडमास्तर माझ्या वर्गात यायचे आणि मी चालू असलेला धडा बंद करायची. कोणालाही उत्तर नको होतं, प्रश्न तर नकोच होता. टाळ्या, उठाबशा, बेरीज, चहा.

पोरींचा खेळ कधी संपला ते मला नेमकं सांगता येणार नाही. त्या बरोबर उठत, बरोबर बसत. सोळावाली तर बराच वेळ नुसती समोर पाहत बसून असायची. पण एकवालीला प्रत्येक टाळीला उठावं नाहीतर बसावं लागे. घरी तिची आई आजारी होती आणि पाणी ती भरत होती. मी जागा बदलून देते म्हटलं, पण नवी मुलगी चुकायची आणि हेडमास्तर पुन्हा हिलाच बसवायचे.

दिवाळीनंतर नवऱ्यानं अकोल्यात चौकशी केली. अकोल्याजवळच्या एका गावात जागा रिकामी होती, माझं नावही वर गेलं होतं. पण आमच्या शाळेनं मला सोडायला नकार दिला होता. मी हेडमास्तरांसमोर जाऊन उभी राहिले.

"गुरुजी, माझा मुलगा लहान आहे."

"मले का मालूम नाही, बाई?" ते खाली पाहत म्हणाले. "पण पत्रे मंजूर होऊन राह्यले. सभापती सोता येनार हाये पाहाले. आता तुमी गेल्या तं मी त्याले काय दाखवू?"

मी रागावले असते तर बरं झालं असतं. मला त्यांचं म्हणणं पटत होतं, आणि त्यामुळे सुटायची उरलीसुरली वाटही बंद झाल्यासारखी वाटली. त्या रविवारी अकोल्याहून निघताना मुलगा झोपलेला होता. मी त्याला उठवलं नाही.

सभापती आले त्या दिवशी वर्गाच्या दारं-खिडक्यांत माणसं दाटली होती. आत हवा नव्हती. सभापती मोठ्या हौसेनं म्हणाले, "टाळी मीच वाजवतो." पहिल्या काही टाळ्या ठीक गेल्या. मग एका टाळीला एकवाली खाली बसली, शेजारीण उभी राहिली, आणि पुढच्या टाळीला एकवाली उठलीच नाही.

सभापतींनी पुन्हा टाळी वाजवली. ती बसूनच. बाकीच्या चौघी आपापल्या शेजारणीकडे पाहत जागच्या जागी थांबल्या. त्यांची काही चूक नव्हती, मी तसंच शिकवलं होतं.

"काहून वं, उठून काहून नाही राह्यली?" हेडमास्तरांनी विचारलं.

"पाय दुखून राह्यले," ती म्हणाली. आवाज चढला नव्हता. "आता नाई उठत मी."

हेडमास्तरांनी माझ्याकडे पाहिलं. मी तिला दटावावं अशी सगळ्यांची अपेक्षा होती. मी पुढे गेले, तिच्या हातातली पाटी घेतली आणि म्हणाले, "बस. दमली असशील." मग बाकीच्या चौघींनाही बसायला सांगितलं. 

सभापती हसले. "मशीन बिघडली म्हना की, मास्तर," असं म्हणून चहाला गेले. पत्रे पुढे मिळाले. ते आधीच मंजूर झाले होते असं नंतर कळलं. हेडमास्तर माझ्याशी कित्येक दिवस कामापुरतं बोलत होते. पण कांपुटर दाखवा असं पुन्हा कधी म्हणाले नाहीत, आणि पुढच्या उन्हाळ्यात माझ्या अर्जाला त्यांनी आडकाठी केली नाही.

तोवर अकोल्याजवळची जागा भरली होती. मला शिरपूर मिळालं. रिठदपेक्षा अकोल्याच्या थोडं जवळ, एवढंच. तिथे मला दोन खिडक्यांचं घर मिळालं आणि मी मुलाला घेऊन आले. पहिले काही महिने तो रोज संध्याकाळी ओट्यावर सासूबाईंची वाट पाहत बसायचा आणि विचारायचा, "आई कधी येणार?" मी त्याच्या शेजारी बसायची. मी आई आहे, असं मी त्याला सांगितलं नाही. पावसाळा संपता संपता त्यानं विचारणं थांबवलं, आणि मला कशी हाक मारायची हे त्याचं त्यानं ठरवायला आणखी बराच वेळ घेतला.