आगरातली आई दिसायची

पेणच्या एसटी स्टँडवर मला पोचवायला घरची सात माणसं आली होती आणि मला त्या सातही जणांची लाज वाटत होती. लग्नानंतरचं माहेरपण उरकून मी रोह्याला बिऱ्हाड मांडायला निघाले होते. मला न्यायला आलेले मिस्टर कंपनीत कामाला, मी मॅट्रिक पास, पायात नवी चप्पल. माझ्या आईच्या पायात काहीच नव्हतं. मिठागरात जन्म काढलेल्या बाईच्या टाचा कशा असतात ते तुम्हाला सांगायला नको. गाडी सुटता सुटता तिने खिडकीतून एक पुरचुंडी आत कोंबली. आत खडे मीठ.

"आपल्या आगरातलं हाय गो. नव्या घरात पयलं हेच घाल."

मी म्हटलं, "रोह्याला काय मीठ मिळत नाही?" हे मी शुद्ध मराठीत म्हटलं, शेजारच्या बाईला ऐकू जाईल असं. मग पुरचुंडी सीटखाली ढकलली. रोहा आल्यावर मिस्टरांनीच ती वाकून काढली आणि म्हणाले, "तुमचं काहीतरी राहिलं."

वहिनी, तू आणि गावात राहिलेली सगळी, आणि माझ्यासारख्या कुठे कुठे नांदायला गेलेल्या मुलींनो, तुम्हाला हे लिहिते आहे. माझी नात कॅनडाला गेली तेव्हा सगळे म्हणाले, केवढी लांब. मला वाटलं, लांब तर मी गेले होते. पेण ते रोहा, दोन तासांचा रस्ता, आणि परत फिरून बघायला चाळीस वर्षं लागली.

रोह्याला आल्यावर दोनेक वर्षांत मी समाजसेविका झाले. म्हणजे बालवाडीचं ट्रेनिंग घेतलं, शबनम पिशवी घेतली आणि बोलताना हात हलवायला शिकले. माझी पहिली नेमणूक कोलाडच्या अलीकडे डोंगराला लागून असलेल्या कातकरी वाडीवर. दिवाळी नुकतीच झाली होती. मी खळीची साडी नेसून गेले आणि जमलेल्या बायकांना अर्धा तास भाषण दिलं, विषय: मुलांची शाळा सोडून वीटभट्टीवर जाऊ नका. बायकांनी मान डोलावली. मला वाटलं, जिंकलं. आठ दिवसांनी खडू आणि तक्ते घेऊन गेले तर वाडीत चिटपाखरू नाही. प्रत्येक झोपडीच्या दारात काटेरी फांदी आडवी लावलेली. एक म्हातारी तेवढी उन्हात बसली होती. मी विचारलं, माझा राग आला का सगळ्यांना? ती म्हणाली, "तुझा कशाला राग येल बाय? मुकादमाचा ट्रक आला, घाटावर भट्टीला गेली. तुझी शाळा पावसात उघड. तवा आमी घरी असतो."

ही चूक दुसऱ्या कुणी केली असती तर चाललं असतं. पण मी मिठागरवाल्याची मुलगी! आपली माणसंही दिवाळी सरली की घराला कडी घालून आगरात खोपटं बांधायची ना? तेच महिने, तीच उन्हं. फक्त ते विटा थापत होते आणि आपण मीठ ओढत होतो. हे माझ्या डोक्यात आलं नाही, कारण तोवर मी डोक्यातून गाव धुऊन काढलं होतं.

मग मला उपाय सुचला आणि पुढची सगळी वर्षं मी त्याच उपायावर जगले. वसतिगृह. आईबाप भट्टीवर जाऊ देत, मुलं आमच्याकडे राहतील, शिकतील. मला ते अगदी सोपं वाटलं. आई आगरात असायची तेव्हा मी नाही का गावात आत्याकडे राहून शिकले? बायका जमवल्या, संस्था काढली, चार खोल्या बांधल्या. मीटिंगा, रिपोर्ट, प्रोजेक्ट, मोठ्या शहरातले ट्रस्टी, त्यांच्या व्हिजिट. हे शब्द मी इतके तोंडात घोळवले की गणपतीला घरी आले तेव्हा तूच म्हणाली होतीस वहिनी, "ताई, कवरा विंग्रजी! मोदक तरी मराठीत खा."

वसतिगृहात आलेली पहिली मुलगी सुगंधा. सहा वर्षांची, डोळे मोठे, बोलणं शून्य. ती दहावी झाली, बारावी झाली, संस्थेतच कामाला लागली, आता वाड्यावाड्यांतल्या बायकांचे गट तीच सांभाळते. कुणी पाहुणे आले की मी तिला पुढे करायची. "ही आमची पहिली मुलगी. आईबापांबरोबर भट्टीवर गेली असती तर आज विटा वाहत असती." पाहुणे टाळ्या वाजवायचे. सुगंधा हसायची. ते हसणं मी कधी नीट बघितलं नाही.

गेल्या वर्षी मी ठरवलं की आता पुरे. गुडघे बोलायला लागले होते. दसऱ्यानंतरच्या मीटिंगला कार्यकारिणीच्या बाराजणी जमल्या. मी हार आधीच आणून ठेवला होता. जाहीर केलं की आजपासून अध्यक्ष सुगंधा. टाळ्या झाल्या. सुगंधा उठली, पण हार घ्यायला पुढे आली नाही.

"ताई, मी होईन अध्यक्ष. पण लहान पोरं हास्टेलात ठेवणार नाय. चौथीच्या वरची राहू देत. बारकी आईबापासंगती जातील, आणि आपल्या दोन बाया शाळा घेऊन त्यांच्यासंगती भट्टीवर जातील. हे जमत असंल तर हार घाला."

माझं चाळीस वर्षांचं काम ती चार वाक्यांत मोडत होती. मी म्हटलं, "तू राहिलीस ना लहानपणी? काय बिघडलं तुझं?"

ती खाली बघूनच म्हणाली, "त्या साली भट्टीवर माझी भैन जल्मली. चार महिने होती. पावसात घरची आली तवा आईच्या हातात कोण नव्हतं. मला सख्खी अशी एकच भैन, आणि मी तिला बघितलीच नाय. तुम्ही पाव्हण्यांना माझी गोष्ट सांगता ना ताई, तवा मला दर वेळी तीच आठवते."

त्या दिवशी मी काय म्हटलं माहीत आहे? मी म्हटलं, "चहा घेऊ या." एवढी मोठी समाजसेविका! चहा घेऊन मी पळाले ती थेट पेणला, तुझ्याकडे.

तुला आठवत असेल, वहिनी, मी आले आणि भांडी घासत बसले. संध्याकाळी आपण बांधावर गेलो. आगर आता उरलंच कुठे, धरमतरच्या खाडीकडे नुसती मालवाहू बार्ज आणि धूळ. तू सहज विचारलंस, "आई आगरात असायची तवा तुमी आत्याकडं रडायच्या काय ओ?" मी म्हटलं, "नाही गं, रडायचं कशाला? इथून आई दिसायची की."

आणि तिथेच मी बांधावर खाली बसले. तू विचारत राहिलीस काय झालं, मी सांगितलं नाही. आज सांगते.

रोज शाळेत जाताना मी या बांधावर थांबायची. खाली पांढऱ्याशुभ्र आगरात आई वाकलेली असायची, हातात मीठ ओढायचं लाकडी फावडं. मी हाक मारायची. ती कंबर सरळ करून हात वर करायची आणि ओरडायची, "दिसतंय ना मी? मंग जा शालेत!" मी जायची. एवढंच. त्या एवढ्यावर मी मॅट्रिक झाले. आणि सहा वर्षांच्या पोरीला मी घाटाच्या अलीकडे ठेवलं, तिची आई घाटापलीकडे, आणि वर म्हणत राहिले की मीही अशीच शिकले. बांधावरून आईपर्यंत माझी एक हाक पोचायची, हे मी हिशोबातच धरलं नाही.

परत जाऊन मी सुगंधाच्या गळ्यात हार घातला. ट्रस्टींना पत्र मीच लिहिलं. त्यांना काही पटलं नाही, बघू काय करतात. वसतिगृहाच्या दोन खोल्या या वर्षी रिकाम्या आहेत आणि त्यांच्यावरून जाताना मला बरं वाटत नाही, खोटं कशाला बोलू. मी उभारलेल्या खोल्या आहेत त्या. त्यातून चांगल्या शिकून गेलेल्या पोरीही आहेत. त्यांच्यातल्या किती जणी सुगंधासारख्याच हसत होत्या, तेवढं मात्र आता कुणाला विचारायचं धाडस होत नाही.

या दिवाळीनंतर वाडीवर ट्रक आला तेव्हा मी मुद्दाम गेले. दारादारांत काटेरी फांद्या लागत होत्या. पहिल्या खेपेला सुगंधा स्वतः निघाली होती, पत्र्याच्या पेटीत पाट्या आणि चित्रांची पुस्तकं. बारकी पोरं आयांच्या मांडीवर. मी पिशवीतून पुरचुंडी काढली. दादाने आपल्या आगरातलं शेवटचं पोतं माळ्यावर जपून ठेवलंय ना, त्यातलं मीठ.

सुगंधाने उघडून बघितलं आणि म्हणाली, "घाटावर मीठ मिळत नाय काय ताई?"

मी एवढी हसले की ड्रायव्हरने वळून बघितलं. ती गोंधळली, पण पुरचुंडी तिने सीटखाली ढकलली नाही. कमरेला खोचली. पोरगी माझ्यापेक्षा शहाणी निघाली.

लोक मला विचारतात, आता पेणला परत जाणार का, तुमचं घर कुठलं. पूर्वी मी भाषणात म्हणायची, सगळ्या वाड्या माझं घर. टाळ्यांचं वाक्य होतं ते. ट्रक निघाला तेव्हा मी वाडीच्या तोंडाशी उभी राहिले, आयुष्यात पहिल्यांदा मागे राहणाऱ्यांच्यात. वळणापर्यंत रस्ता सरळ आहे. धूळ उडत होती, तरी मी हात वर करून उभी होते, खांदा दुखेपर्यंत. वळणावर सुगंधाने मागच्या फळीवरून एका पोरीला उचलून धरलं आणि स्वतःच ओरडली,

"ताई, दिसताय हां अजून!"

मी हात खाली घेतला नाही.