मोठ्या मालकांचा हुकूम

"ताई, हे सगळं लिहून ठेवा हो!" असं बार रूममध्ये दर आठवड्याला कुणीतरी मला म्हणतं. तालुक्याच्या कोर्टात वकिली करायची, त्यातही बंगलेवाले आणि त्यांचे केअरटेकर यांच्या भांडणांची, म्हणजे किस्से साचतातच, भिंतीला शेवाळ धरावं तसे. डबा खाताना एखादा सांगितला की सगळे हसतात. मीही हसते. मग स्कूटी काढून घरी निघते आणि कान्हे फाट्यापर्यंत पोहोचेस्तोवर ते हसू कुठंतरी सांडून गेलेलं असतं.

आमच्याकडे लोणावळ्यापासून खाली मळवलीपर्यंत बंगलेच बंगले. मालक मुंबईला नाहीतर पुण्याला. ते शनिवारी येणार, रविवारी जाणार. बाकीचे दिवस बंगला सांभाळणार डोंगराकडच्या वाडीतलं एखादं जोडपं. त्यांना मागच्या बाजूला एक खोली. आणि पुढं सगळं भांडण त्या खोलीचं!

*

मालकांना एकच धास्ती असते. हा माणूस इतकी वर्षं इथं राहतो, उद्या जागा माझी म्हणाला तर? म्हणून आम्ही वकील मंडळी सल्ले देतो. रेशनकार्डावर बंगल्याचा पत्ता येऊ देऊ नका. दारात तुळशीवृंदावन बांधू देऊ नका. त्याच्या हातचं झाड जमिनीत लागता कामा नये. झाड म्हणजे पुरावा!

मळवलीच्या एका बंगल्यावर आबा आणि मावशी राहायचे. दोघंही साठी ओलांडलेले. माझ्या बहुतेक किश्शांत हेच दोघं येतात. मी पहिल्यांदा त्यांच्याकडे गेले तर खोलीपुढं सगळी बाग डब्यांत! तेलाच्या डब्यात तुळस, रंगाच्या बादलीत कढीपत्ता, फुटक्या पातेल्यात अबोली आणि एका गंजक्या ड्रममध्ये चांगलं खांद्याएवढं लिंबाचं झाड.

मी म्हटलं, "मावशी, एवढी मोकळी जागा पडलीय. जमिनीत का नाही लावलं?"

"न्हाई वो, जमिनीत लावायचं न्हाई असं वकिलानं सांगितलंय. आमचं बिऱ्हाड कवा बी उचलाय लागंल. झाडांनी बी सवय ठिवावी!"

*

लोणावळ्याच्या एका मालकाला कुणीतरी सांगितलं, केअरटेकर एका जागी मुरू देऊ नका, दरवर्षी बदला. शेजारच्या मालकानंही तेच ऐकलं होतं. दोन्ही बंगल्यांवर कामाला होते सख्खे भाऊ. वर्ष संपलं की दोघं आपापली गाठोडी घेऊन निघायचे, मधल्या कुंपणापाशी भेटायचे आणि एकमेकांच्या खोलीत राहायला जायचे. दोन्ही मालक खूश!

थोरला भाऊ मला एकदा म्हणाला, "वकीलबाई, आमची म्हातारी मातुर चुकती. जुन्या खोलीच्या दाराशी जाऊन बसती अन् म्हणती, घर उघडा की रं." 



*

आमच्या बार रूममध्ये नाना आहेत. सगळ्यात ज्येष्ठ. कोर्टात आता क्वचित उभे राहतात, पण डब्याच्या वेळेला त्यांचा वर्ग भरतो.

"रोमन कायद्यात गुलामाच्या हातात आलेली वस्तू मालकाची. गुलामानं नुसतं धरायचं, ताबा मालकाचा!" नाना सांगत होते. "इंग्रजांच्या अमदानीत उचल घेऊन काम सोडलं की मजुराला तुरुंग व्हायचा. ते गेलं. वेठबिगारीवर बंदी आली. पण केअरटेकरचा ताबा म्हणजे मालकाचाच ताबा, हे अजून तसंच आहे बरं का! माणूस सुटला, त्याचा हात काही सुटला नाही."

मग ते चोरीवर आले. साधी चोरी वेगळी. नोकरानं मालकाच्या घरात केलेली चोरी वेगळी. तिला स्वतंत्र कलम, शिक्षा जास्त. इंग्रजांनी लिहिलं, आपण परवा नवा कायदा केला त्यातही ठेवलं.

एका ज्युनिअर मुलीनं विचारलं, "नाना, आणि मालकानं नोकराचं चोरलं तर?"

नानांनी डब्याचं झाकण लावलं. "त्याला वेगळं कलम नाही गं. तशी गरज कुणाला वाटली नाही."

 

*

आबांचं प्रकरण साधं होतं. बंगला बांधला तो मोठ्या मालकांनी. ते वारले. वारायच्या आधी त्यांनी आबांना सांगितलं होतं, तुम्ही दोघं आहात तोवर इथंच राहायचं. तोंडीच. कागद नाही, साक्षीदार नाही, फक्त मावशी ऐकायला. मग मुलगा आला, म्हणजे धाकटे साहेब. त्यांना बंगला पार्ट्यांसाठी भाड्यानं द्यायचा होता आणि एजन्सीचा सिक्युरिटी गार्ड ठेवायचा होता. त्यांनी आबांवर दावा लावला, खोली खाली करून द्या. वाडीतलं घर केव्हाच पडलेलं. खोली गेली की दोघांनी सुदुंबऱ्याला लेकीच्या भाड्याच्या घरात, तिच्या नवऱ्याच्या आणि पोरांच्या मध्ये पथारी टाकायची, एवढंच उरलं होतं. आबांचा वकील मी.

तारखेच्या आदल्या दिवशी धाकटे साहेब बंगल्यावर मुक्कामाला यायचे. सकाळी चहा घेऊन त्यांना उठवणार कोण? आबा! "साहेब, उठा, आज आपली तारीख हाय!"

मग दोघं एकाच गाडीतून कोर्टात. साहेब स्वतः गाडी चालवायचे आणि आबा मागच्या सीटवर, मांडीवर साहेबांची बॅग. नवख्याला वाटावं, मालक मागं बसलाय आणि ड्रायव्हर पुढं! बॅगेत आबांच्याविरुद्धच्या दाव्याचे कागद. ती बॅग घेऊन आबा साहेबांच्या मागून जिना चढायचे.

मी एकदा चिडलेच. "आबा, अहो, ते तुमचे विरोधी पक्षकार आहेत!"

"व्हय की. पर त्यांच्या पाठीत उसण भरलीया. बॅग लय जड हाय, ताई."

*

आबांच्या साक्षीचा दिवस आला. मी त्यांना चार वेळा बजावलं होतं, आज कुठं जायचं नाही, दाराशी बसून राहायचं. पट्टेवाल्यानं नाव पुकारलं. एकदा, दोनदा, तिसऱ्यांदा. आबा नाहीत! मी जिन्यात पाहिलं, कॅन्टीनमध्ये पाहिलं, झेरॉक्सवाल्याकडे पाहिलं. तोवर आत "प्रतिवादीचा पुरावा बंद" असा हुकूम झालासुद्धा.

आबा सापडले रस्त्यावर, रसाच्या गाडीशेजारी. भर उन्हात साहेबांच्या गाडीला टेकून नव्हे, गाडीपासून हातभर लांब उभे.

"आबा! तुमचं नाव पुकारलं!"

"ऐकलं की मी. पर साहेब म्हणालं, हितं लय गर्दी हाय, कुणी गाडीला वरखडा काढंल, गाडीपाशी थांबा."

लोक विचारतात, साहेबांनी मुद्दाम केलं का? मला नाही वाटत. आपण ज्याला इथं उभं केलंय त्याचीच आत साक्ष आहे, हे त्यांच्या डोक्यातच आलं नव्हतं. मुद्दाम केलं असतं तर मला इतकं लागलं नसतं.

*

पुरावा पुन्हा उघडायचा तर अर्ज द्यावा लागतो आणि गैरहजेरीचं कारण लिहावं लागतं. मी खरं तेच लिहिलं. 'प्रतिवादी हा वादीच्या सांगण्यावरून वादीच्या गाडीची राखण करीत होता.'

समोरचे वकील ताडकन उठले. "सर, आमचं तरी दुसरं काय म्हणणं आहे? हा नोकरच आहे! त्यांनी स्वतः लिहून दिलंय!"

झालं! साक्षीला परवानगी मिळवायची तर नोकर आहे म्हणायचं आणि नोकर आहे म्हटलं की खोली गेली. बार रूममध्ये हा किस्सा फर्माईश करून ऐकतात. मी सांगते.

न्यायाधीशांनी अर्ज वाचला, चष्मा काढला आणि साहेबांना विचारलं, "गाडीची राखण नीट झाली का?"

साहेब गोंधळून म्हणाले, "हो, सर."

"मग त्यांना साक्षीची संधी द्यायला आपली हरकत नसावी."

*

तर साक्ष झाली. आबा पिंजऱ्यात उभे राहिले ते साहेबांकडे तोंड करून. दोनदा वळवावं लागलं.

समोरच्या वकिलांनी विचारलं, "बंगला कुणाचा?"

"मालकांचा."

"आणि तुम्ही राहता ती खोली?"

"ती बी मालकांचीच. आमची कशी आसंल?"

मी कपाळाला हात लावला. वकील जोरात आले. "मग धाकट्या साहेबांनी खोली सोडा म्हटल्यावर सोडली का नाहीत?"

"मोठ्या मालकांचा हुकूम हाय. म्हणालं, आबा, मी असो नसो, मरस्तवर हितनं हलायचं न्हाई. मी जी म्हणलं."

"अहो, मोठे मालक वारले!"

"मालक वारलं. हुकूम कुटं वारलाय? त्यो त्यांनीच मागं घ्याया पायजे हुता. त्ये ऱ्हाऊनच गेलं."

टायपिस्ट थांबला. न्यायाधीशांकडे बघायला लागला.  ते म्हणाले, "घ्या. आहे तसं घ्या."

मी त्या संध्याकाळी सगळी पुस्तकं काढून बसले. नोकर मेला तर काय, मालकानं काढलं तर काय, नोकर पळाला तर काय, सगळं आहे. मेलेल्या मालकाचा हुकूम जो अजून पाळतोय त्याचं काय करायचं, ते कुठंच नाही. नानांना विचारलं तर म्हणाले, "असा नोकर असेल हे कायदा करणाऱ्यांना वाटलंच नसेल."

निकाल आमच्या विरुद्ध लागला. लागणारच होता. पण मला वाईट वाटायचं ते वाटलंच. न्यायाधीशांनी दिवाळी होईपर्यंत मुदत दिली. 

*

ताबा घ्यायच्या दिवशी मीही मळवलीला गेले. खरं तर वकिलाचं तिथं काही काम नसतं. साहेबांना सगळं कागदोपत्री हवं होतं, म्हणून कोर्टाचा बेलिफ आलेला. आबांनी खोली सारवल्यासारखी लख्ख पुसून ठेवली होती. मावशींनी बेलिफाला चहा दिला. बंगल्याच्या किल्ल्यांचा जुडगा आबांनी आधी उपरण्यानं पुसला, मग साहेबांच्या हातात दिला. साहेबांनीही तो दोन्ही हातांनी घेतला, हे मी पाहिलं.

टेम्पो बाहेर रस्त्यावर लावलेला. एकेक डबा उचलून नेला. तुळस गेली, कढीपत्ता गेला, अबोली गेली. लिंबाचा ड्रम हलेना. टेम्पोवाला आणि आबा दोघांनी जोर लावला. वाकून पाहिलं तर ड्रमचा तळ गंजून गेलेला आणि मुळ्या खाली जमिनीत शिरलेल्या!

बेलिफ पंचनामा लिहिता लिहिता थांबला. साहेब म्हणाले, "राहू द्या ते."

मावशी लिंबापाशी बसल्या. पानांवरून हात फिरवत म्हणाल्या, "सांगितलं हुतं ना तुला, पाय पसरू नगंस म्हणून." आणि उठून टेम्पोत जाऊन बसल्या.

सगळं आटोपलं. बेलिफानं मोटरसायकल गेटाबाहेर आणली आणि चालूच ठेवून थांबला. मी स्कूटी बाहेर काढली. शेवटी साहेबांची गाडी गेटातून बाहेर आली आणि थांबली. गेटाला लावायचं नवं कुलूप साहेबांच्या हातातच होतं. त्यांनी काच खाली केली आणि नेहमीसारखंच म्हणाले, "आबा, गेट लावून घ्या."

"जी."

आबांनी साहेबांना रामराम केला. गेट ओढलं, दोन्ही दारं जुळवली आणि आतून कडी घातली.

 साहेब कुलूप धरून तसेच बसून राहिले. बेलिफानं मोटरसायकल बंद केली.

मग टेम्पोतून मावशींचा आवाज आला.

"अवो, आज आपल्याला बी भायेर जायचंय."